बर्फ झाला की मग

साचेवाल्याने बातमी वाचून दाखवली तेव्हा पलीकडच्या टेबलाशी दात कोरत बसलेल्या त्याच्या हातात मेणाचा एक सुळा होता, आणि तो सुळा त्याच्याच अंगठ्याखाली चेपला गेला. सकाळभर खपून कोरलेला दात. दातांच्या लॅबमध्ये एवढ्यातेवढ्याने कुणी दचकत नाही; इथली सगळी कामं श्वास धरून करायची असतात, आणि तो तर सगळ्यांत थंड हाताचा म्हणून ओळखला जायचा. साचेवाला खिडकीपाशी प्लास्टर कालवत होता. त्याला एका हाताने प्लास्टर कालवता यायचं आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून जगाची खबरबात घेता यायची. "अहो, तुमचा डोंगर उघडला," तो म्हणाला. "वर नेणारे पाळणे पूर्ण भरून चालणार. बाहेरून येणाऱ्यांना विलगीकरण नाही, प्रमाणपत्र नाही, काही नाही. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी घरच्या घरी नाकात काडी घालायची, एकच रेघ आली की निघायचं. सुटलात की हो एकदाचे." तो "वा" म्हणाला. वा म्हणताना आपला आवाज बरा लागला असं त्याला वाटलं. मग त्याने चेपलेल्या सुळ्याकडे पाहिलं. कुणा अनोळखी बाईच्या वरच्या जबड्यातली डावीकडची जागा. ती बाई कोण, कशाला हसते, हे त्याला कधीच कळणार नव्हतं, पण आज तिचा दात अर्धवट राहणार होता आणि त्याला कारण एक डोंगर होता. त्याने मेणाचा गोळा पुन्हा स्पिरिटच्या दिव्यावर धरला.

लॅबमध्ये सगळ्यांना त्याच्या सुट्टीची कथा ठाऊक होती. दोन हिवाळे त्या सुट्टीचं भिजत घोंगडं पडलं होतं. एकदा खोरं बंद, एकदा पाळणे बंद, एकदा पाळणे चालू पण लॉज बंद, एकदा लॉज चालू पण बाहेरच्या माणसाला पोचल्यावर आधी आठवडाभर खोलीत कोंडून घ्यायचं, म्हणजे खिडकीतून बर्फ बघायचा आणि परत यायचं. मालक म्हणायचे, "तुमच्या नशिबात ग्लासातलाच बर्फ दिसतोय." सगळे हसायचे आणि मग जीभ चावून त्याच्याकडे सहानुभूतीने बघायचे, कारण पोरीला कबूल केलेली सुट्टी अशी हुकावी हे कुणालाही वाईटच वाटणार. ती सहानुभूती तो घ्यायचा, शेजाऱ्याच्या नावाचं पार्सल सही करून घ्यावं तशी. आपलं नाही हे माहीत असतं, पण दारात उभ्या माणसाला किती समजावत बसायचं. कारण खरी गोष्ट अशी होती की ही सुट्टी झाली की तो आणि त्याची बायको वेगळे होणार होते. तसं ठरलं होतं. ते त्या दोघांशिवाय जगात कुणालाही माहीत नव्हतं.

भांडण होऊन ठरलं असतं तर निदान भांडण तरी आठवायला राहिलं असतं. तसं काहीच झालं नव्हतं. फ्रिज जुना झाला, आवाज करतो, बदलायला हवा, असं जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवावं तितक्याच शांतपणे ठरलं. ती दमून आली होती. पोहायला शिकवायची ती, मोठ्या तलावावर, दिवसभर लहान पोरांना पाण्यात ओढायचं आणि पाण्यातून बाहेर ओढायचं. केसांना तलावाचा वास होता. ती म्हणाली, "आपण दोघं एकमेकांना काही विचारतच नाही, तुझ्या लक्षात आलंय?" तो म्हणाला, "आलंय." आणि खरोखरच आलं होतं. वर्षानुवर्षं ते बिलं, किल्ल्या, ठकीची शाळा, गळका नळ एवढ्यावरच बोलत होते, एका जिन्यावरच्या दोन भाडेकरूंसारखे, सभ्यपणे, एकमेकांना वाट देत. ती म्हणाली, मग कशाला ओढायचं. तो म्हणाला, तू म्हणतेस ते खरंय. आज मागे वळून पाहताना त्याला वाटायचं की तेव्हा आपण तोंडात गुळणी धरून बसलो नसतो, साधं "पण" एवढा एक शब्द जरी उच्चारला असता, तरी ती थांबली असती. पण त्याला तेव्हा वाटलं होतं की तिला हो म्हणणं हाच शहाणपणा. शहाणपणाने त्याचं आयुष्यात बरंच नुकसान केलं होतं. मग ती म्हणाली, "ठकीला बर्फावर नेतो म्हटलंय आपण." ठकी, त्यांची एकुलती एक, तेव्हा तेरा वर्षांची होती, अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर भुलीतून अर्धवट शुद्धीवर येताना तिने बर्फ मागितला होता, खायला नव्हे, घसरायला, आणि भ्यालेल्या आईबापांनी तिथल्या तिथे कबूल केला होता. "आधी ते होऊ दे," तो म्हणाला. "बर्फ झाला की मग सांगू तिला." बर्फ झाला की मग. एवढाच त्यांचा करार. त्याच आठवड्यात त्यांनी लॉजची खोली ठरवली, बिछान्याखाली स्की आणून ठेवल्या, तो बैठकीतल्या सोफ्यावर झोपू लागला, घोरण्याचं निमित्त करून, आणि त्यानंतर महिन्याभरात सगळं जग बंद झालं.

पहिल्यांदा लॉजवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा होता. बाई अगदी हळव्या होऊन सांगत होत्या, यंदा नाही जमायचं हो, वरून आदेश आहेत, आम्ही तरी काय करणार. तो तोंड पाडून ऐकत होता, आणि छातीत मात्र काहीतरी सैल होत चाललं होतं, दिवसभर घट्ट बूट घालून आल्यावर नाडी सोडावी तसं. त्याला भीतीच वाटली त्या सुखाची. बाहेर माणसं मरत होती. मालकांचा धाकटा भाऊ, जो दर शनिवारी लॅबमध्ये येऊन सगळ्यांच्या टेबलावर लिमलेटच्या गोळ्या वाटत फिरायचा, तो दवाखान्यात गेला आणि परत आलाच नाही. त्याला शेवटचं बघायलाही कुणाला सोडलं नव्हतं. आणि इथे हा, एका आदेशाने आपला संसार आणखी एक वर्ष वाचला म्हणून मनातल्या मनात त्या आदेशाचे आभार मानत होता. असा विचार आला की तो लगेच काहीतरी काम काढायचा, भांडी घासायचा, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचा. फोन ठेवून त्याने बायकोला सांगितलं, "पुढच्या हिवाळ्यात." ती म्हणाली, "बरं," आणि दुधाचं पातेलं उतरवलं. त्या "बरं"मध्ये काय होतं, हे त्याने नंतर शंभरदा उगाळलं, आणि एकदाही काही हाती लागलं नाही.

आणि मग ते घरात राहिले. तिघं, दिवसच्या दिवस. तलाव रिकामा केला होता. एकदा ती उगाच जाऊन बघून आली आणि म्हणाली, तळाच्या फरशा इतक्या मळक्या असतील असं वाटलं नव्हतं. नुसतं बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने बैठकीतलं कपाट सरकवलं, दोन स्टुलं जोडली, समोर मोबाइल उभा केला आणि स्टुलांवर पालथी पडून पोरांना पोहायला शिकवायला लागली. पाणी नाही, काही नाही. "पाय सरळ, गुडघ्यातून नाही, कमरेतून," असं ओरडत ती हवेत पाय मारायची, आणि पलीकडे तीसेक घरांतली पोरं आपापल्या पलंगांवर, सतरंज्यांवर, एक तर आजोबांच्या पाठीवर पालथी पडून पाय मारायची. तो स्पिरिटच्या दिव्यासकट आपलं सगळं सामान घरी घेऊन आला होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दात कोरायचा, आणि उघड्या दारातून त्याला हवेत पोहणारी ती दिसायची. लग्नाच्या आधी तो तिला असाच बघायचा, तलावाच्या काठावरून, पोहता येत नसताना. मधल्या वर्षांत तिला असं बघितलंच नव्हतं की काय? एकदा तिचं स्टूल कलंडलं आणि ती "पाण्यात" पडली, तोंडावर, आणि पडल्यापडल्या मोबाइलकडे बघून म्हणाली, "असं झालं तर घाबरायचं नाही." तो ओट्याशी इतका हसला की कुणाची तरी दाढ खाली पडून तुटली. ती उठली, हनुवटी चोळत दारात आली, आणि म्हणाली, "दिसलं वाटतं." तो म्हणाला, "कमरेतून पाय मारत होतीस, पण डोकं फार वर होतं." असलं काहीतरी तो तिला कित्येक वर्षांनी बोलला होता. त्या संध्याकाळी तिने त्याला विचारलं, हे सगळे दात एकसारखे पांढरे का नसतात. त्याने तिला छटा दाखवल्या, राखाडीकडे झुकणाऱ्या, पिवळ्याकडे झुकणाऱ्या, आणि सांगितलं की तोंडावर मास्क आल्यापासून लोकांना पुढचे दात नकोच झालेत, फक्त चावायचे हवेत. ती बराच वेळ ऐकत होती. पण झोपायची वेळ झाली तशी ती आपल्या खोलीत गेली आणि त्याने सोफ्यावर चादर पसरली. करार होता ना. तो कुणी मोडला नव्हता, मोडायचा म्हणजे कसा, हेही कुणाला माहीत नव्हतं.

तिला काय हवंय ते त्याला कळत नव्हतं, आणि जे दिसायचं त्यावरून त्याच्या मनात पाल चुकचुकायची. रोज सकाळी चहाच्या वेळी ती मोबाइलवर त्या खोऱ्याचे नियम उघडून बघायची. न चुकता. वर्तमानपत्र नाही, हवामान नाही, आधी ते. भुवया जुळवून वाचायची, मग मोबाइल पालथा ठेवायची आणि पाव कापायला घ्यायची. त्याने त्याचा अर्थ सरळ लावला होता, की ती दिवस मोजतेय. दुसऱ्या हिवाळ्यात सगळं जमत आलं होतं, लसी झाल्या, प्रमाणपत्रं आली, बॅगा भरल्या, आणि निघायच्या तोंडावर रोगाने नवं रूप घेतलं आणि डोंगर पुन्हा मिटला. तेव्हा ती खुर्चीत मटकन बसली होती आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं होतं तिने. त्याने ते पाहिलं आणि त्याला इतकं लागलं की तो तडक जिना उतरून रस्त्यावर गेला आणि उगाच कोपऱ्यापर्यंत चालत राहिला, रिकाम्या दुकानांच्या काचांत आपला मास्क लावलेला चेहरा बघत. इतकी घाई आहे हिला, त्याला वाटलं. आपण इतके नकोसे आहोत. परत आल्यावर तो म्हणाला, "होईल पुढच्या वेळी, वाईट वाटून घेऊ नकोस." "तुला नाही वाटलं वाईट?" तिने विचारलं. तो म्हणाला, "वाटलं तर. ठकीसाठी." आणि दोघंही ठकीच्या नावाआड जाऊन उभे राहिले, नेहमीप्रमाणे.

तर आता डोंगर उघडला होता, आणि यावेळी खरोखरच कुठे पाचर राहिली नव्हती. लॅबमधून घरी येताना तो रस्त्यातल्या माणसांकडे बघत होता. निम्म्यांच्या तोंडावरचे मास्क गेले होते, उरलेल्यांचे हनुवटीला लोंबत होते, आणि त्याच्यातला कारागीर सवयीने दात मोजत होता. पण त्याला पहिल्यांदाच वाटलं की हे सगळे मोकळे झाले आणि मी एकटा पकडला गेलो. घरात आधीच गलका होता. ताईचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन चालू होता, सगळ्यांना ऐकू येईल असा. ती आपल्या मुलांना घेऊन शुक्रवारीच वर जाणार होती. "ठकीला मी नेते," ताई म्हणत होती. "तुम्ही दोघं शनिवारी या कामं उरकून. आणि बाळ्या, यंदा काही नाटकं केलीस तर कान धरून नेईन." ठकी आता सोळाची होती, बिछान्याखालच्या स्कीच्या बुटांत तिचा पाय अर्धासुद्धा जात नव्हता, म्हणून नवे भाड्याने घ्यायचे ठरलं, आणि ती ते जुने बूट हातांत चढवून टेबलावर टकटक वाजवत होती. बायको खिडकीपाशी होती. "कळलं का तुला?" तिने विचारलं. "साचेवाल्याने सांगितलं," तो म्हणाला. "मी सकाळीच वाचलं होतं," ती म्हणाली. "मग बोलली नाहीस?" "तू घाईत होतास." तो मुळीच घाईत नव्हता. पण त्याने तसं म्हटलं नाही, आणि रात्री सोफ्यावर पडल्यावर त्याला कळलं की नेमकं तिथेच म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळी घर इतकं शांत होतं की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. ठकीने आदल्या दिवशी वरून फोटो पाठवला होता, नाक लाल, दात सगळे बाहेर, मागे नुसतं पांढरं. बॅगा दारापाशी होत्या. बायको तलावावरचा सकाळचा वर्ग घेऊन आली, तिने आपली चाचणी केली, स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "माझी झाली, एकच रेघ," आणि फोटो काढून लॉजवाल्या बाईंना पाठवून दिला. तो न्हाणीघरात गेला. कडी लावली. नाकात काडी फिरवताना डोळ्यांत पाणी आलं, ते काडीनेच आलं असं त्याने ठरवलं. थेंब टाकले आणि ती पांढरी पट्टी बेसिनच्या काठावर ठेवून तो टबाच्या कठड्यावर बसला. आणि तिथे, कोरड्या टॉवेलकडे बघत, त्याच्या लक्षात आलं की तो मनात काय म्हणतोय. ये, म्हणतोय. दुसरी रेघ ये. त्याला स्वतःची लाज वाटली. ज्या रोगाने मालकांच्या भावाला नेलं, ज्याच्या धास्तीने जग दाराआड बसलं, तो रोग हा माणूस पाहुण्याला बोलवावं तसा बोलवत होता. पण लाज वाटूनही म्हणणं थांबत नव्हतं. थोडासाच ये. घसा दुखेल एवढाच. मला अजून एक आठवडा दे, मी बोलतो तिच्याशी, या वेळी खरंच बोलतो. सांगतो, मला जायचं नाहीये. बर्फावर नव्हे, तुझ्यापासून दूर. हे वाक्य इतकं सोपं होतं, आणि ते तो एका प्लास्टिकच्या पट्टीला सांगत होता. पहिली रेघ उमटली, ठसठशीत, तांबडी. त्याने वाट बघितली. पाकिटावर सांगितली होती त्याहून जास्त वाट बघितली. पट्टी दिव्याखाली धरली, तिरकी केली, ज्या डोळ्यांनी तो दाताच्या दोन पांढऱ्यांतला फरक ओळखायचा त्या डोळ्यांनी पाहिली. दुसऱ्या रेघेच्या जागी पांढरं होतं. स्वच्छ, कोरं, निरोगी पांढरं.

"झालं का?" तिने दारावर बोट वाजवलं.

त्याने दार उघडलं. काही म्हणायच्या आत तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून पट्टीवर आणि पट्टीवरून पुन्हा चेहऱ्यावर गेली. त्याला आपला चेहरा कसा दिसत असेल याची कल्पना नव्हती. आवरायला वेळच मिळाला नव्हता. "बघ," एवढंच तो म्हणाला आणि पट्टी तिच्या हातात दिली. एक आहे, असं म्हणणं त्याच्याने झालं नाही. ती पट्टी घेऊन खिडकीपाशी गेली. टेबलावरचा वाचायचा चष्मा उचलून लावला. पट्टी उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब नेली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीच्या टपावर स्की बांधत होतं, पट्टे आवळल्याचा आवाज वर येत होता. पट्टे आवळून झाले, गाडी निघून गेली, तरी ती बघतच होती. मग तिने चष्मा काढला.

"दुसरी अगदी फिकट आहे," ती म्हणाली. "पण आहे."

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने पट्टीकडे बघितलं, मग तिच्या बोटांकडे. बोटांनी ती घट्ट आवळून धरली होती. ओल्या काठावर घसरणाऱ्या पोराला एका हाताने तोलून धरणारी बोटं. खुर्चीत मटकन बसून तिने तोंड झाकून घेतलं होतं ती दुपार त्याला आठवली, आणि तळव्यांमागे तेव्हा काय होतं याबद्दल आपण सपशेल चुकलो असू, असं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं.

"हो," तो म्हणाला. "आहे."

तिने फोन लावला. आधी ताईला, मग ताईकडून ठकीला. सराईतासारखी खोटं बोलली, रडवेली न होता. नाही गं, ताप नाही, फिकट आहे पण नियम तो नियम, आम्हाला दोघांनाही थांबायला हवं, तू मजा कर. पलीकडे वारा होता आणि पोरांचा आरडाओरडा. "बाबाला दे," ठकी म्हणाली. त्याने फोन घेतला. "बाबा, खोकला येतोय का?" तिने अगदी मोठ्या बाईसारखं विचारलं. त्याने क्षणभर बायकोकडे पाहिलं, आणि मग तो खोकला. फारच वाईट खोकला. नाटकातला म्हातारासुद्धा असा खोकत नाही. बायकोने पाठ फिरवली, तिचे खांदे हलायला लागले. "गरम पाणी पी," ठकी म्हणाली, "आणि नीट राहा दोघं," आणि फोन बंद झाला.

दारापाशी बॅगा तशाच होत्या. पट्टी टेबलावर पडली होती. तिने ती उचलली, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि बटाट्याच्या सालांखाली पार तळाशी, मनगट बुडेपर्यंत, ढकलून दिली. हात धुतले. पुसले. त्याच्याकडे न बघता ती पहिल्या बॅगेपाशी गुडघ्यांवर बसली.

"तिथं काही नव्हतं," तो म्हणाला.

"माहितेय," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन उघडून त्याचे लोकरीचे मोजे बाहेर काढू लागली.